वेल्डिंगच्या बॅचमधली गळती: आधी प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटं मोजा

शाळा अर्धवट सुटलेल्या २० मुलामुलींची तीन महिन्यांची वेल्डिंग बॅच दुसऱ्या महिन्यात निम्मी होते आणि टिकलेलेही कारखान्याच्या ट्रायलमध्ये, म्हणजे कामावर घेण्याआधीच्या चाचणीत, नापास होतात, म्हणून समुपदेशन वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. त्याआधी एक हिशेब करा.

मशीन २, प्रात्यक्षिक रोज ३ तास. म्हणजे ३६० मिनिटं, माणशी १८. त्यात जॉब (जोडायचे तुकडे) मांडणं, वितळून संपलेला रॉड बदलणं, स्लॅग (वेल्डवर जमलेली कडक खपली) काढणं आलंच. एवढ्यात हात बसत नाही. रोजची मजुरी बुडवून आलेलं पोर उरलेला वेळ नुसतं बघत का थांबेल? याला आळस म्हणू नका.

चौघांमागे एक मशीन हवंच. मशीन वाढत नसतील तर आठ-आठ जणांच्या, तीन-तीन तासांच्या पाळ्या करा. मग प्रत्येकाला ४५ मिनिटं मिळतात. एक वेल्डिंग करेल, दुसरा डोळ्यांपुढे काळी काच लावून त्याचा आर्क (रॉडचं टोक आणि पट्टी यांच्यामधला विजेचा झोत) बघेल, तिसरा पट्ट्या घासून ठेवेल, चौथा आधीचा जॉब तपासेल. रोज माणशी निदान १० रॉड धरा. वीस जणांचे २०० झाले; ३.१५ मिमीचे २०० रॉड साधारण ६ किलो भरतात. अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री इथेच लागते, रॉड संपतात आणि शेवटचा महिना थिअरीत जातो.

काच प्रत्येकाची स्वतःची, १० किंवा ११ नंबरची. शेजारी उघड्या डोळ्यांनी उभ्या राहिलेल्याचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, दुसऱ्या दिवशी तो गैरहजर! हातमोजे लहान मापाचेही आणा, नाहीतर मुलींच्या हातात रॉड धरायचा होल्डर फिरतो.

आता ट्रायल. वरून देखणा दिसणारा वेल्ड बहुतेक वेळा मुळाशी भिनलेला नसतो. दर आठवड्याला ६ मिमीच्या दोन पट्ट्या इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडून एकाच बाजूने वेल्ड करायला लावा, शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून विरुद्ध बाजूने घण मारून उभी पट्टी पाडा. तुटलेल्या जागी मुळाशी सरळ कोरी रेघ दिसली तर करंट कमी होता किंवा रॉडचा कोन चुकला. ३.१५ मिमीच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात. बारीक भोकं दिसली तर रॉड दमट, पट्टी गंजलेली किंवा आर्क लांब. आर्क रॉडच्या जाडीएवढाच ठेवायचा. दोष आधी शिकणाऱ्यालाच शोधू द्या, शिक्षकाने नंतर बोलावं.

प्रवासखर्च दर आठवड्याला हातात द्या. कोर्सच्या शेवटी मिळणाऱ्या एकरकमी विद्यावेतनाने उद्याचं भाडं भागत नाही. आणि कामावर घेणाऱ्या सुपरवायझरकडून ट्रायलचा जॉब बॅच सुरू व्हायच्या आधीच मागून घ्या.