ब्लॉक जोडायला शिकवणं म्हणजे कोडिंग शिकवणं आहे का?

प्रश्न : मी उदगीरला बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारी एका मराठी माध्यमाच्या शाळेत मानधनावर सहावी-सातवीच्या मुलांना कोडिंग शिकवते. आम्ही स्क्रॅच वापरतो, म्हणजे पडद्यावर आज्ञांचे तयार तुकडे (ब्लॉक) जोडून मांजरीसारखी चित्रं हलवायची. मुलं तासाची वाट बघत असतात, पण शाळेतले काही सर म्हणतात, ‘मुलं नुसती मांजर नाचवतात, यात शिकतात काय?’ माझ्या मैत्रिणी पुण्याला फुल स्टॅक जावा या प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला निघाल्या आहेत. तिथल्या समुपदेशकानं मला सांगितलं, की शाळेतला अनुभव रेझ्युमेत लिहूच नका. मला शिकवायला मनापासून आवडतं. मुलांना थेट पायथॉन ही टाइप करून लिहायची भाषा शिकवू का? आणि यात माझं करिअर होईल, की मी वर्ष वाया घालवतेय?

उत्तर : आधी मुलांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुझ्या करिअरचं उत्तर त्यातच आहे.

सहावीतल्या मुलांना थेट पायथॉन शिकवू नकोस. तुझ्या वर्गातल्या मुलाला इंग्रजी कीबोर्डवर एकेक अक्षर शोधावं लागतं. त्यात कंस, कोलन, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. एक कोलन राहिला की लाल अक्षरांत इंग्रजी ओळ येते आणि ती त्याला वाचता येत नाही. सगळा तास टायपिंगच्या चुका शोधण्यात जातो आणि त्याचा विचार बरोबर होता की नाही हे तुला कळतच नाही. ब्लॉकमध्ये ही अडचण राहत नाही. न जुळणारे तुकडे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे व्याकरणाची चूक होऊच शकत नाही. उरते ती फक्त विचारातली चूक. शिक्षिका म्हणून तुला तीच बघायची आहे.

ही पोरखेळाची कल्पना नाही. १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे लोगोतलं कासव मुलांच्या आज्ञा ऐकून चालायचं, वळायचं आणि मागे रेघ सोडायचं. त्याच परंपरेतून एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं स्क्रॅच घडवलं आणि २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा जगप्रसिद्ध कोर्सही स्क्रॅचनंच सुरू होतो आणि तिथं समोर बसलेली मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतात. हे सरांना जरूर सांग.

तरीही सरांचं म्हणणं पूर्ण उडवून लावू नकोस. मुलं पडद्यावर काहीतरी हलेपर्यंत ब्लॉक ओढत राहतात, हे बहुतेक वर्गांत घडतं. मांजर नाचली म्हणून लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणं, समजला असं होत नाही. फरक पडतो तो तू काय विचारतेस यानं.

एक धडा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या वयासाठी याच्याइतका चांगला धडा नाही. डावीकडे खाली एक्स्टेन्शनचं बटण आहे, तिथून पेनचे ब्लॉक घे आणि मुलांना चौरस काढायला सांग. शंभर पावलं चाल, ९० अंश वळ, हे चार वेळा. सगळ्यांना जमतं. आता म्हण, समभुज त्रिकोण काढा. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे हुशार मुलं लगेच सांगतील आणि तीन वेळा, शंभर पावलं, ६० अंश अशी रचना करतील. प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्याआधी त्यांना थांबव. आता काय दिसेल ते वहीत काढायला लाव. सगळे त्रिकोण काढतील. मग झेंडा दाबू दे. पडद्यावर त्रिकोण येतच नाही, एक उघडी आकृती येते, अर्ध्या षटकोनासारखी.

इथं घाई करून उत्तर सांगू नकोस. एका मुलाला वर्गात मधल्या जागेत उभं करून त्रिकोणावर चालायला लाव. कोपऱ्यावर आल्यावर तो किती वळतो ते बाकीच्यांनी बघायचं. तो आतल्या कोनाइतका वळत नाही, बाहेरच्या कोनाइतका वळतो. १८० वजा ६०, म्हणजे १२०. हे कुणीतरी ओरडून सांगेल, तेव्हा त्या पोरांनी भूमितीतला बाह्यकोन पायांनी शिकलेला असेल. त्यानंतर पंचकोन, षटकोन त्यांना स्वतः शोधू दे. पूर्ण फेरी मारून जागेवर यायचं तर एकूण ३६० अंश वळावं लागतं, म्हणून ३६० ला बाजूंच्या संख्येनं भागायचं, हा नियम फळ्यावर तू लिहायचा नाहीस, तो त्यांच्याकडून यायला हवा. गणिताच्या सरांना नेमकं याच तासाला बोलव.

आधी अंदाज, मग झेंडा, ही शिस्त प्रत्येक तासाला पाळ. लंडनमध्ये संगणकशिक्षणावर संशोधन करताना स्यू सेंटन्स यांनी मांडलेली ‘प्रिम’ पद्धत याच धाटणीची आहे. तयार प्रोग्रॅम बघून काय होईल ते सांगायचं, चालवून बघायचं, त्याची चिरफाड करायची, थोडा बदलायचा आणि शेवटी स्वतःचा बनवायचा. आपल्याकडे बहुतेक वर्ग थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात.

काही चुका जवळजवळ प्रत्येक वर्गात दिसतात. त्या तू वहीत टिपून ठेव, कारण पुढे त्याच तुझी कमाई ठरणार आहेत. गुण शून्य करणारा ब्लॉक मुलं लूपच्या आत ठेवतात आणि गुण वाढतच नाहीत. भिंतीला टेकलास का, हे तपासणारा ‘जर’चा ब्लॉक, आतलं सतत चालवत राहणाऱ्या ‘कायम’च्या ब्लॉकबाहेर ठेवतात, म्हणजे तो एकदाच तपासतो आणि संपतो. मांजरीला सुरुवातीच्या जागी आणायचं विसरतात आणि दुसऱ्यांदा झेंडा दाबल्यावर ती मागच्याच जागेवरून चालू लागते. या तीन चुकांमध्ये चल (व्हेरिएबल), अट आणि प्रारंभिक स्थिती हे तिन्ही विषय येतात. तुझ्या पहिल्या वर्षाच्या सी भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलं नेमकी हीच गफलत करतात, आठवून बघ.

मंचाचे, म्हणजे मांजर जिथं फिरते त्या चौकटीचे, आकडेही वापर. स्क्रॅचच्या पडद्याच्या मध्यावर एक्स आणि वाय शून्य असतात. डावीकडे उणे २४० पर्यंत, उजवीकडे २४० पर्यंत, वर १८० आणि खाली उणे १८० पर्यंत. पूर्णांक संख्या मुलं सहावीत शिकतात, निर्देशक भूमिती आपल्याकडे नववीत येते. तुझा सहावीतला मुलगा मांजरीला उणे शंभरवर पाठवतो, तेव्हा तो तीन वर्षं आधी तिथं पोचलेला असतो.

लॅबमध्ये इंटरनेट नसेल किंवा सतत जात असेल, तर स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती फुकट मिळते. मशिन फारच जुनी असतील तर १.४ ही आधीची आवृत्ती चालते. एका संगणकावर दोन मुलं बसव, एकानं माउस धरायचा, दुसऱ्यानं बोलायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. बोलणाऱ्यानं माउसला हात लावायचा नाही. वीज गेली तर ब्लॉक कागदावर कापून, सरमिसळ करून द्यायचे आणि क्रमानं लावून घ्यायचे. असा तास वाया जात नाही, उलट याच तासाला कोण विचार करतं आणि कोण शेजाऱ्याचं बघतं ते स्वच्छ दिसतं.

पायथॉनकडे कधी जायचं? मुलांना ब्लॉकमध्ये अडकल्यासारखं वाटू लागलं की. एखादी मुलगी म्हणते, ‘बाई, एवढं ओढत बसण्यापेक्षा लिहिता आलं असतं तर बरं’, ती वेळ. बहुतेकांच्या बाबतीत ती सातवीच्या शेवटी किंवा आठवीत येते. तेव्हा पायथॉनबरोबरच येणारं, कासवाकडून रेघा काढून घेणारं टर्टल मॉड्यूल उघड आणि तोच चौरस, तोच त्रिकोण लिहून घे. फॉरवर्ड १००, राइट १२०. लोगोतलं कासव तिथं पुन्हा भेटतं आणि मुलांना नवीन काय ते फक्त लिहिण्याची रीत असते.

ब्लॉकवर वाढलेली मुलं पुढे मागे पडतात का, याचीही तपासणी झालेली आहे. डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की यांनी अमेरिकेतल्या एका हायस्कूलमध्ये एका वर्गाला ब्लॉकमधून आणि दुसऱ्याला लिहून, पाच आठवडे तोच अभ्यासक्रम शिकवला. पाच आठवड्यांनंतर ब्लॉकवाल्या मुलांचं शिकणं जास्त झालं होतं आणि पुढे संगणक शिकण्याची इच्छाही जास्त होती. लिहिणाऱ्या मुलांना मात्र आपण खऱ्या प्रोग्रॅमरसारखं काम करतोय असं अधिक वाटत होतं. नंतर दोन्ही वर्ग जावाकडे गेले आणि दहा आठवड्यांनी त्यांच्यात फरक उरला नाही. म्हणजे ब्लॉकमुळे नुकसान झालं नाही, पण पुढची वाट आपोआप सोपीही झाली नाही. ती वाट शिक्षकाला जाणीवपूर्वक बांधावी लागते. म्हणूनच चौरस दोन्हीकडे तोच ठेव असं म्हणते.

आता तुझं. वर्ष वाया जात नाहीये. रेझ्युमेत हा अनुभव लिही आणि ठळक लिही, पण ‘स्क्रॅच शिकवलं’ एवढंच लिहू नकोस. किती मुलांना, कोणत्या संकल्पना, कोणत्या चुका सापडल्या आणि त्या कशा दूर केल्या, हे लिही. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक शोधून ती त्याला समजेल अशा भाषेत सांगता येणं ही गोष्ट सॉफ्टवेअरच्या कामात रोज लागते.

कर्ज काढून कोर्स करू नकोस, ही माझी स्पष्ट सूचना. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीतली हमी करारात कशी लिहिली आहे ते मैत्रिणींनाही वाचायला सांग. हातात पदवी येतेय, तर एमसीएची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दे. एमसीए आता दोन वर्षांचं आहे आणि ते तुझ्यासाठी दोन दारं उघडतं. एक सॉफ्टवेअरचं, दुसरं अध्यापनाचं. कारण केंद्रीय विद्यालयांसारख्या ठिकाणी अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या शिक्षकपदासाठी बीसीए पुरत नाही, आणि महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवीबरोबर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत कायम शिक्षिका व्हायचं असेल, तर मार्ग वेगळा आहे. बी.एड., मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, सहावी ते आठवीसाठी तिचा दुसरा पेपर, आणि पुढे अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र या सरकारी पोर्टलवरून भरती. तिथं पदं विषयानुसार निघतात, कोडिंग शिक्षक म्हणून नाही. त्यामुळे बीसीएवर तुला कोणती अध्यापन पद्धती मिळेल, हे प्रवेश घेण्याआधी बी.एड. महाविद्यालयात जाऊन विचार. हे न विचारता प्रवेश घेतलेल्या मुली नंतर अडचणीत येतात.

तिसरी वाट अभ्यासक्रम आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे, पण शाळांमध्ये ते शिकवू शकणारी माणसं कमी आहेत, मराठीतून शिकवणारी तर फारच कमी. पुण्यातली पाय जॅम फाउंडेशन किंवा एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सीएसपाठशाला उपक्रम काय काम करतात ते बघ. सीएसपाठशालेचे संगणकाविना करायचे धडे मोफत आहेत. त्यांच्यामार्फत होणाऱ्या बेब्रास या संगणकीय विचारांच्या स्पर्धेला तुझ्या मुलांना बसव. ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यासाठी कोडिंग यावंच लागत नाही.

वाट कोणतीही निवड, स्वतःचं लिहून प्रोग्रॅमिंग सोडू नकोस. फक्त ब्लॉकमध्ये राहिलीस तर दोन वर्षांत हात गंजेल. रोज तासभर पायथॉन किंवा जावा, आणि त्यात स्वतःचं काहीतरी. तुझ्या शाळेसाठीच एखादं लहान सॉफ्टवेअर लिही, हजेरीचं किंवा ग्रंथालयाचं.

एमसीए सीईटीच्या अर्जाची तारीख सीईटी सेलच्या संकेतस्थळावर या आठवड्यातच बघून ठेव. आणि त्रिकोणाचा तास झाला की मुलांनी वहीत आधी काय काढलं होतं, त्याचे फोटो मला नक्की पाठव.