माझ्या स्विफ्ट व्हीएक्सआयला १४ऐवजी १६ इंची अलॉय रिम बसवले तर टायर घासेल का?

नाही घासणार, पण टायर १९५/५५ आर१६ घ्या (रुंदी १९५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर, कंपनीच्या रिमच्या जवळपास ठेवा. तुमच्या व्हीएक्सआयला सध्या १६५/८० आर१४ टायर असतील. त्या टायरची पूर्ण उंची सुमारे ६२० मिमी भरते आणि १९५/५५ आर१६ची ६२१. रिम वाढली तेवढी टायरची भिंत कमी झाली, हिशेब संपला. दुकानदार १९५/६० गळ्यात मारेल तर नको म्हणा, ते ६४० मिमी होतं, स्पीडोमीटरही कमी वेग दाखवू लागतो.

बहुतेकांचं घासतं ते मात्र उंचीमुळे नाही, ऑफसेटमुळे. रिमच्या आत ‘ईटी’पुढे ऑफसेटचा आकडा (मिमीमध्ये) कोरलेला असतो. तो १०ने कमी झाला की चाक १० मिमी बाहेर येतं. रिम एक इंच जास्त रुंद असेल तर प्रत्येक बाजूला आणखी साधारण १३ मिमी. बोल्टचं माप ४×१०० (चार बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) बघून घ्याच.

पैसे देण्याआधी दुकानातच एक चाक पुढे लावून स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. मग तेच चाक मागे लावून, मागच्या सीटवर तीन माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून न्या आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर काळा चकचकीत ओरखडा उठलाय का ते टॉर्चने बघा.

खड्ड्यांचा रोजचा रस्ता असेल तर मात्र १८५/६५ आर१५वर थांबा, ५५ची भिंत बुटकी, रिम लवकर वाकते.