रक्तात बी-3 कमी दिसलं, तर?

प्रश्न: पॅकेजमध्ये व्हिटॅमिनची तपासणी केली. रिपोर्टमध्ये 'निकोटिनिक ॲसिड' मर्यादेच्या खाली आलंय. त्रास काहीच नाही. घरात रोज ज्वारीची भाकरी असते, त्यामुळे असेल का? नियासिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू करू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: गोळ्या नकोत. बी-3 म्हणजेच नियासिन; निकोटिनिक ॲसिड आणि निकोटिनामाइड ही त्याची दोन रूपं. त्यातलं निकोटिनिक ॲसिड निरोगी माणसाच्या रक्तातही जेमतेमच असतं. रक्तात फिरतं ते मुख्यतः निकोटिनामाइड, आणि खरा साठा पेशींच्या आत. त्यामुळे त्या एका आकड्यावरून कमतरता ठरत नाही. आदल्या रात्री बी-कॉम्प्लेक्स घेतली असेल तर उलट घडतं: आकडा कॅप्सूलचा येतो, तुमचा नाही.

शंका असेल तर 24 तासांच्या लघवीत एन-मिथाइलनिकोटिनामाइड (नियासिन वापरून झाल्यावर शरीर बाहेर टाकतं तो पदार्थ) मोजतात. दिवसाला 17.5 मायक्रोमोलच्या वर पुरेसं, 5.8 ते 17.5 कमी, 5.8 च्या खाली कमतरता. सोबत पायरिडोन हा तसाच दुसरा पदार्थही मोजला आणि त्याचं याच्याशी गुणोत्तर 1 च्या खाली गेलं, तर शंका बळावते.

ही तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा घरीच. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिलीसुद्धा. ऑफिसात किंवा शौचाला गेल्यावर एखादी वेळ राहून जाते, आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही (स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत येणारा पदार्थ) मोजायला सांगा. तेही वजनाच्या मानाने फार कमी निघालं तर नमुना अपुरा समजा. कॅन गार आणि अंधारात ठेवा. लॅबने आत आम्ल घालून दिलं असेल तर ते ओतून टाकू नका, हाताला लागू देऊ नका. बी-कॉम्प्लेक्स किती दिवस आधी थांबवायची, ते लॅबला आणि डॉक्टरांना विचारा.

आता ज्वारी. हैदराबादच्या पोषणतज्ज्ञांनी 1960 मध्ये ज्वारीतल्या जास्त ल्युसिनचा (प्रथिनांतला एक घटक) पेलाग्राशी, म्हणजे नियासिनच्या कमतरतेच्या आजाराशी, संबंध मांडला होता, पण त्यावर पुढे वाद झाला. शिवाय तो आजार दिसायचा तो नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांत. शरीर प्रथिनांतल्याच ट्रिप्टोफॅन या घटकाच्या 60 मिलिग्रॅमपासून साधारण 1 मिलिग्रॅम नियासिन बनवतं, म्हणून डाळ, दूध, अंडीही उपयोगी पडतात. शेंगदाणे तर उत्तमच: 100 ग्रॅममध्ये सुमारे 12 मिलिग्रॅम. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज 14, स्त्रीची 11. भाकरीसोबत पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर ज्वारीला दोष देऊ नका.

रिपोर्टपेक्षा त्वचा जास्त सांगते. उन्हात, द्राक्षबागेत वगैरे काम करणाऱ्याच्या दोन्ही हातांच्या पाठीवर सारखेच काळपट, खरखरीत डाग, मनगटाशी हातमोजा संपावा तशी रेघ, गळ्याभोवती पट्टा, जोडीला जुलाब किंवा गोंधळलेपणा, असं दिसलं तर तपासणीची वाट न पाहता डॉक्टर गाठा. फवारणीने एकाच हाताला भाजलं असेल तर तो वेगळा मामला. रोज दारू किंवा टीबीची आयसोनियाझिड चालू असेल तर तेही सांगा. या गोळीने बी-6 घटतं आणि ट्रिप्टोफॅनचं नियासिन होणं अडतं.

प्रश्न: नियासिन घेतल्यावर चेहरा लालबुंद होतो. ॲलर्जी का?

उत्तर: सहसा नाही. निकोटिनिक ॲसिडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. 30-50 मिलिग्रॅमलाही होतं. निकोटिनामाइडने सहसा होत नाही. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर मात्र ताबडतोब दवाखाना.