गाठ तर काढली, मग परत परत तपासणी कशाला?

प्रश्न : वय ४६. स्तनाच्या बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) ‘एटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया’ आलं, तेवढा भाग ऑपरेशनने काढला. कॅन्सर नाही म्हणाले, तरी दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) का?

उत्तर : ताई, कॅन्सर नाही हे अगदी खरं. पण दुधाच्या नळीतल्या पेशींची ठेवण बिघडायला लागली होती, आणि अशा बायकांना पुढे कॅन्सर व्हायची शक्यता इतरांपेक्षा साधारण चौपट असते, तो त्याच जागी होईल असंही नाही, दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो, म्हणून दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी. चौपट वाचून झोप उडवून घेऊ नका, यातल्या बहुतेकींना कॅन्सर कधीच होत नाही. पाळी येऊन गेली की त्या आठवड्यात जा, कमी दुखतं. काखेत पावडर, डिओ लावू नका, फिल्मवर ते कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखं दिसतं, आणि डॉक्टर नेमके तेच ठिपके शोधत असतात. आणि जुन्या फिल्म्स न्या हो! कितीतरी जणी नुसता रिपोर्टचा कागद घेऊन येतात, ठिपके मागच्या वर्षी एवढेच होते की आता वाढलेत हे फिल्म शेजारी लावल्याशिवाय कसं कळणार? गादीखाली सपाट ठेवा, पण टाकू नका.

प्रश्न : आईचं डीसीआयएसचं (स्तनातल्या दुधाच्या नळीतला अगदी सुरुवातीचा कॅन्सर) ऑपरेशन झालं, स्तन ठेवलाय, रेडिएशन मागच्या महिन्यात संपलं. कॅन्सर कुठे पसरलाय का ते बघायला पेट स्कॅन आणि सीए १५-३ ही रक्ताची टेस्ट करून घेऊ का?

उत्तर : काही त्रास नसेल तर नको. डीसीआयएसमध्ये पेशी नळीच्या आतच असतात, भिंत फोडून बाहेर आलेल्या नसतात, म्हणून तर स्टेज शून्य म्हणतात. त्या टेस्टमध्ये भलतंच काहीतरी दिसतं आणि घरदार महिनाभर हवालदिल. रेडिएशननंतर ६ ते १२ महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी, मग दरवर्षी, आणि पहिली ५ वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी डॉक्टरांकडून हाताने तपासणी. एवढं मात्र चुकवू नका.

प्रश्न : टॅमोक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरसाठी देतात ती गोळी) चालू आहे. पाळी जाऊन ६ वर्षं झाली, पण परवा कपड्याला लाल डाग दिसला. दोन महिन्यांनी फॉलोअपला जायचंय, तेव्हा सांगू?

उत्तर : नाही, तोवर थांबू नका. बऱ्याचदा कारण साधंच निघतं, पण या गोळीने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर व्हायची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे एक डाग असला तरी तपासायचाच. सोनोग्राफी करतील, लागलं तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतील. गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, मग त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. डागासाठी आजच स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावा.