कोच ‘तरी’ होईल?

प्रश्न (चार पानी पत्राचा सारांश) : मी कोल्हापूरचा. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघातून फॉरवर्ड खेळायचो, गुडघा गेला आणि थांबलो. मुलगा 16 वर्षांचा, दहावीला 78 टक्के. मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत आहे, पण गोल मारत नाही. बाहेरगावच्या निवासी अकादमीत घालायचा विचार आहे : वर्षाला साडेतीन लाख फी, अकरावीला डमी ॲडमिशन. त्यासाठी गावाकडच्या जमिनीवर कर्ज काढतोय. हा पठ्ठ्या मात्र संध्याकाळी स्वतःचा सराव सोडून तालमीतल्या बारक्या पोरांना शिकवत बसतो. हे कसं बंद करावं? आणि खेळाडू नाहीच झाला तर कोच तरी होईल ना? पुढच्या महिन्यात गोव्यात ट्रायल आहे, मी घेऊन जाणार आहे. सोबत यंदाच्या सामन्यांचा तक्ता जोडला आहे.

उत्तर : पत्राआधी तक्त्याबद्दल बोलतो, कारण मला काळजी वाटली ती तो पाहून. तारीख, समोरचा संघ, निकाल, गोल. एकोणीस सामने, दोन गोल. एका ओळीपुढे लाल शाईत लिहिलंय, ‘मोकळा गोल असताना पास दिला’. त्याच ओळीत निकाल आहे 2-0, आपण जिंकलो. तो पास ज्याला मिळाला त्यानं गोल केला की नाही, ते कुठंच नाही. असिस्टचा, म्हणजे ज्या पासवरून गोल झाला त्याचा, रकानाच आखलेला नाही. मिडफिल्डरचा हिशेब तुम्ही फॉरवर्डच्या वहीत मांडताय, आणि ती वही तुमची स्वतःची आहे. तुमचा गुडघा गेला तेव्हा राहून गेलेले गोल हा पोरगा भरून काढेल, अशी ती वाट बघणं आहे. स्पष्ट बोलतोय, राग येईल, पण मला काळजी या वहीची आहे, त्याच्या 78 टक्क्यांची अजिबात नाही.

तुम्ही अभिमानानं लिहिलंय की शाहू स्टेडियमवरून घरी जाताना गाडीवरच त्याला सगळा सामना परत समजावून सांगता. तो मागं बसलेला, नव्वद मिनिटं पळून आलेला, आणि बापाची पाठ त्याला सांगतेय की अठराव्या मिनिटाला तू काय चुकलास. हे थांबवा. कोल्हापुरात सामना बघायला येणारी अर्धी पेठ आधीच त्याला काय करायचं ते ओरडून सांगत असते. घरातला एक आवाज तरी कमी होऊ द्या. घरी नेताना ‘भूक लागलीय का’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

आता तुमचा तो ‘तरी’. कोच म्हणजे खेळात हुकलेल्यांची सोय, हा समज आपल्याकडं इतका घट्ट आहे की चांगले खेळलेले लोकही तो बाळगून असतात. तो किती चुकीचा आहे ते बघायला खालिद जमील घ्या. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा मुंबईच्या संघांतून मिडफिल्डला खेळले, भारताकडूनही खेळले. 2009 मध्ये खेळणं थांबवून त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि कमी पैशात चालणारा तो संघ वर्षानुवर्षं सांभाळत राहिले. त्यानंतर आयझॉल. आदल्या मोसमात खाली घसरलेला हा मिझोरामचा क्लब, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून लीगमध्ये परत घेतला गेला होता. त्याला घेऊन त्यांनी 2016-17 ची आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकली. भारताचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं ते ऑगस्ट 2025 मध्ये. गोव्याच्या साव्हियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी त्या खुर्चीत भारतीय माणूस बसला. दुसरे गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा, डेम्पोच्या मधल्या फळीतले. 2020 च्या सुरुवातीला एफसी गोवानं सर्जिओ लोबेरा यांना काढलं, क्लिफर्डनी हंगामी म्हणून संघ हातात घेतला आणि लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल, मिळवून दिली. 2023 मध्ये ओडिशा एफसीलाही असंच हंगामी असताना सुपर कप जिंकून दिला. पुढच्या मोसमासाठी ओडिशानं मुख्य प्रशिक्षक कुणाला नेमलं? लोबेरांना. करंडक उचललेल्या माणसाची ही गत. यात ‘सोय’ कुठं दिसते ते मला दाखवा. खेळाडूइतकीच, कधी त्याहून जास्त, अस्थिर नोकरी आहे ही. जुलै 2025 मध्ये लीग चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून अख्खी आयएसएलच (इंडियन सुपर लीग) थांबवली गेली, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचेही पगार रोखले होते.

म्हणजे कोच होऊ नये का? उलट. तुमच्या चार पानांत एकच गोष्ट मला आशेची वाटली आणि नेमकी तीच तुम्हाला बंद करायची आहे. सोळा वर्षांचा मुलगा, कुणी न सांगता, चपला मांडून खुणा करतो, दहा-बारा पोरांना दोन रांगांत उभं करतो, पास कुठं द्यायचा ते दाखवतो. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की ‘जे पोरगं रडतं त्याला हा आधी घेतो’. माझ्या ओळखीत मोठे खेळाडू आहेत ज्यांना हे जमत नाही, कारण त्यांना जे सहज येतं ते दुसऱ्याला का येत नाही हेच त्यांना कळत नाही. खेळलेलं असणं कोचला कामाला येतं, नाही असं नाही. पण दुसऱ्याचं अडतंय कुठं हे बघायची नजर वेगळी लागते, आणि ती त्याच्याकडं असावी असं दिसतंय. ‘असावी’ म्हणतो, कारण सोळाव्या वर्षी कुणाचंच काही ठरत नाही.

अकादमीचं ऐका. कर्ज काढू नका. खरोखर खेळाडू हवा असतो तिथं संस्था मुलावर खर्च करते. रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीत पूर्ण शिष्यवृत्ती असते, आणि मुलं फार लहान वयात निवडली जातात. सोळाव्या वर्षी साडेतीन लाख मागणाऱ्याला दोन गोष्टी विचारा : गेल्या तीन वर्षांत तुमच्या किती मुलांचे कुठल्या क्लबशी करार झाले, नावं द्या, आणि रोज मैदानावर उभा राहणारा कोच कोण, त्याचं लायसन्स कुठलं. माहितीपत्रकातला कोच वेगळा आणि मैदानावरचा वेगळा, हा प्रकार मी पाहिलेला आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवून द्या. आणि डमी ॲडमिशन तर नकोच. कॉलेजच्या संघातून, विद्यापीठाच्या संघातून खेळायची वाट तुम्ही स्वतःच्या हातानं कशाला बंद करता?

बाकी रस्ते माहितीचेच आहेत : साधी अकरावी, कुठल्याही शाखेला, खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, वयाची 18 पूर्ण झाली की एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) प्रशिक्षकाचं डी लायसन्स, मग सी, बी, ए, प्रो, हवं तर बी.पी.एड. किंवा एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्था) प्रशिक्षण पदविका. डी लायसन्स हातात आलं म्हणून कुणी नोकरी देत नाही, तो फक्त दाराचा उंबरा आहे. तोवर त्यानं खेळत राहावं आणि संध्याकाळची पोरं सोडू नयेत. तालमीतल्या एखाद्या जाणत्या कोचच्या हाताखाली मदतनीस म्हणून त्याला रीतसर घ्यायला सांगा. तुमचा शब्द पेठेत चालतो, असं पत्रावरून दिसतंय. तो इथं वापरा.

राहिली गोव्याची ट्रायल. जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. तिकिटाचे पैसे द्या, बुटांच्या लेस नव्या घेऊन द्या. सोबत मामा जाऊ दे, थोरला चुलतभाऊ जाऊ दे. तुम्ही जाऊ नका. आणि रात्री फोन आला की किती गोल झाले ते विचारू नका.