चिकू शिकतो लवकर, पण हाकेला येत नाही

प्रश्न : ताई, आमच्याकडे पाच महिन्यांचा जॅक रसेल टेरियर आहे, चिकू. कुत्रं लहान, म्हणजे शिकवायला सोपं, असं ऐकून आणला. ‘बस’, ‘हात दे’ दोन दिवसांत शिकला. घरात हाकेसरशी येतो, पण अंगणात खार दिसली की कोणाचंच ऐकत नाही. तुळशीभोवतीची माती रोज उकरतो. शेजारचे काका म्हणतात, दोन फटके द्या. काय करू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : फटके अजिबात देऊ नका. माती उकरून झाल्यावर मार बसला, तर उकरण्याशी त्याचा संबंध त्याला लागत नाही. तुमचा हात आला की दुखतं, एवढंच कळतं. मग तो हाकेला का येईल?

टेरियर हा शब्द लॅटिन ‘टेरा’वरून आला, टेरा म्हणजे जमीन. जॅक रसेल हे इंग्लंडमधले पाद्री. १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, त्यांनी ‘ट्रम्प’ नावाची पांढरी टेरियर कुत्री विकत घेतली, आणि तिच्यापासून ही जात पुढे वाढली. काम एकच, बिळातला कोल्हा बाहेर काढायचा. बिळात मालक नसतो, काय करायचं ते कुत्र्यानंच ठरवायचं. चिकू तेच करतोय. म्हणून तो शिकतो झटपट, पण खार आणि तुम्ही यांत निवड करायची वेळ आली की खार जिंकते. तुम्हाला खारीपेक्षा मोलाचं व्हावं लागेल.

दहा मीटरचा सुती दोर गळ्यातल्या पट्ट्याला नाही, हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्याला बांधा. हाकेसाठी एक नवा शब्द ठरवा. मी ‘घे रे’ म्हणते. तो शब्द आंघोळीसाठी किंवा खेळ थांबवण्यासाठी कधीच वापरायचा नाही. आला की लगेच, दोन सेकंदांच्या आत, बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि परत खेळायला सोडा. हे सोडणं लोक विसरतात, आणि खरं बक्षीस तेच असतं. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. आधी घरात, मग रिकाम्या अंगणात, खारी असताना सगळ्यात शेवटी. माझ्या बिट्टूला वर्ष लागलं.

उकरणं थांबवू नका, त्याला जागा द्या. कोपऱ्यात चार घमेली रेती टाका, तिच्यात चेंडू पुरून ठेवा. तुळशीभोवती विटा लावा. आठवड्याभरात फरक दिसेल.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी साडेसहाच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रस्त्यावर पंजे भाजतात. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नेऊ नका. दुपारी कूलरसमोर कापडाच्या घडीत खाऊ लपवून हुंगायला द्या. डोकं दमलं की टेरियर शांत झोपतो.

बिट्टू दीड वर्षाचा असताना घुशीमागे अंगणातल्या नालीत शिरला. दोन तास मी नालीच्या तोंडाशी बसून हाका मारत होते. आत त्याचं भुंकणं ऐकू यायचं, मग तेही बंद झालं. शेवटी चिखलानं भरलेला, नाक फाटलेला, आपला आपण बाहेर आला. तुमच्याही अंगणात नालीचं तोंड उघडं असेल, तर दोर आणण्याच्या आधी तिथे जाळी बसवून घ्या.