हाक बदलते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

मुले आई-वडिलांना काय म्हणतात आणि ती मोठी होत जाताना ही हाक कशी बदलते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. तो सारखा ‘बाबाबा’ म्हणतो, ‘आई’ मात्र म्हणत नाही. दिवसभर त्याच्यापाशी मी असते आणि यावरून घरातले मला चिडवतात. त्याला वडिलांचा लळा अधिक आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : मुळीच घेऊ नका. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून मुले एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारू लागतात आणि त्यात ‘ब’, ‘प’, ‘म’ हे ओठ मिटून काढायचे वर्ण बहुधा लवकर येतात. ‘बाबाबा’ ही सुरुवातीला निव्वळ बडबड असते; तिला अर्थ देतात ती घरातली मोठी माणसे, आणि त्यांचा आनंदलेला चेहरा पाहून बाळ हळूहळू तो अर्थ स्वीकारते. ‘आई’ या शब्दात व्यंजनच नाही, त्यामुळे बडबडीच्या साखळीतून तो आपोआप हाती लागत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातल्या भाषांमधून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते. त्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखवले की, आईसाठीच्या शब्दांत ‘म’सारखे अनुनासिक वर्ण वारंवार येतात, कारण दूध पिताना तोंड भरलेले असते तेव्हा बाळाला नाकातूनच हुंकार काढता येतो. पण हाही काही अटळ नियम नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. आपल्याकडे ‘मामा’ कोण, हे सांगायला नकोच. बाळाला आधी काय म्हणता आले यावरून त्याची माया मोजता येत नाही. शिवाय समज ही उच्चाराच्या कितीतरी आधी येते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आईसाठीचा शब्द कानावर पडला की सहा महिन्यांची बाळे आपल्याच आईच्या चित्रफितीकडे अधिक वेळ पाहत, असे आढळले होते. ‘आई कुठे आहे?’ असे कुणाला तरी विचारायला सांगा आणि तुमचे बाळ मान कुणाकडे वळवते ते पाहा.

प्रश्न : आमची तीन वर्षांची मुलगी वडिलांना त्यांच्या नावाने हाक मारते. पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखे होते. तिला रागवावे का?

उत्तर : रागवण्यासारखे यात काहीच नाही. तुम्ही पतीला ज्या नावाने हाक मारता तेच ती ऐकते आणि तेच म्हणते. तिच्याशी बोलताना ‘बाबांना दे’, ‘बाबांना विचार’ असे म्हणत राहा, आणि ती नावाने हाक मारील तेव्हा हसू नका. मोठी माणसे हसली की मुले तेच पुन्हा करतात. थोड्याच काळात तिची तीच बदलेल.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. ‘आई’ म्हणणे त्याने जवळजवळ सोडलेच आहे. मित्रांमध्ये तो माझा उल्लेख ‘मम्मी’ असा करतो, फोनमध्ये माझे नाव ‘मातोश्री’ असे ठेवले आहे आणि घरात तर कोणतीच हाक न मारता ‘ऐक ना’पासून बोलायला सुरुवात करतो. मी काही म्हटले की, ‘त्याने काय फरक पडतो?’ असे विचारतो. मला फरक पडतो.

उत्तर : तो पडणारच, आणि त्याबद्दल स्वतःला हळवे ठरवू नका. आई होण्याचा अनुभव बऱ्याच अंशी ही हाक ऐकण्याचाच असतो. ती ऐकू येईनाशी झाली की काहीतरी निसटल्यासारखे वाटते. मात्र तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या एकाच नाराजीत मोडू नयेत, असे मला वाटते.

मित्रांमध्ये तो जे म्हणतो ती हाक नव्हे, तो उल्लेख आहे. तिथे तो तुमच्याशी नव्हे तर मित्रांशी बोलत असतो आणि त्यांच्यात जो शब्द चालतो तोच वापरतो. या वयात चारचौघांत वेगळे न दिसण्याची धडपड किती तीव्र असते, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलेले आहे. ‘मातोश्री’ ही थट्टा आहे. ज्या माणसाशी मनात दुरावा असतो त्याची अशी थट्टा कुणी सहसा करत नाही, म्हणून त्या नावाचे तर मी स्वागतच करीन.

राहिला प्रश्न घरातल्या ‘ऐक ना’चा. हाक दोन कामे करते. समोरच्याचे लक्ष वेधणे हे एक आणि त्याच्याशी आपले नाते काय हे सांगणे हे दुसरे. समोरासमोर बसलेले असताना पहिल्या कामासाठी हाकेची गरज उरत नाही. दुसऱ्या कामाबाबत या वयातला मुलगा स्वतःच गोंधळलेला असतो, आणि दोन संबोधनांपैकी कोणते वापरावे हे ज्याला ठरवता येत नाही, तो माणूस दोन्ही टाळतो. मोठी माणसेही नव्या नात्यांत नेमके हेच करतात. तुमच्या मुलाने कदाचित ‘आई’ हा शब्द टाकलेला नाही, त्याचा जुना सूर टाकला आहे. शेवट लांबवून, हट्ट करत मारलेली ‘आऽऽई’ ही लहान मुलाची हाक असते. त्याचा आवाज आता फुटू लागला असेल. त्या आवाजात तो जुना सूर त्याला स्वतःलाच कसनुसा वाटत असणार, आणि नवा सूर अजून सापडलेला नाही. माझ्या पाहण्यातली बरीच मुले काही वर्षांनी त्याच शब्दाकडे परत आली, फक्त तो आखूड आणि सरळ झालेला होता. काहींनी नवा शब्द घेतला आणि तोही घरात रुळला.

यात तुम्हाला करण्यासारखी एक गोष्ट आहे. तुम्ही त्याला काय म्हणता, ते आठवून पाहा. ‘पिल्लू’, ‘सोनू’ ही नावे त्याच्या मित्रांसमोर अजून येत असतील तर त्याला काय म्हटलेले आवडेल, हे त्यालाच विचारा आणि तो सांगेल ते पाळा. आपल्या हाकेचा कुणी विचार केला, हे कळल्यावर दुसऱ्याच्या हाकेचा विचार करणे सोपे जाते. ‘आई म्हण’ असा आग्रह मात्र धरू नका. मागून घेतलेल्या हाकेने तुमचेही समाधान होणार नाही. आणि हाकेबरोबर बोलणेच थांबले असेल, जेवायला एकत्र बसणे तो टाळत असेल, नजर चुकवत असेल, तर मग प्रश्न हाकेचा राहत नाही. तेव्हा ‘आई का म्हणत नाहीस?’ असे न विचारता, काय चालले आहे, ते विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी आईला ‘अगं’, ‘तू’ म्हणते आणि मला ‘अहो बाबा’, ‘तुम्ही’. लहानपणी आम्हीच तसे शिकवले. आता मला हे अंतर सलते. ‘तू म्हण’ असे सांगितले की ती लाजते आणि विषय बदलते.

उत्तर : तिची अडचण समजून घ्या. मराठीत आदर केवळ सर्वनामात नसतो, तो क्रियापदातही असतो. ‘आई आली’, पण ‘बाबा आले’. तुम्हाला ‘तू’ म्हणायचे तर तिला एक शब्द नव्हे, तुमच्याविषयीचे प्रत्येक वाक्य नव्याने घडवावे लागेल, आणि सतरा वर्षांची जीभ त्याला सहज तयार होत नाही.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांविषयी लिहिताना सत्ता आणि जवळीक असे दोन निकष मांडले. पूर्वी तिथल्या अनेक भाषांत मुले आई-वडिलांना आदरार्थी सर्वनामाने संबोधत आणि आई-वडील मुलांना एकेरीत. पुढे दोन्ही बाजूंनी एकेरी येत गेले. मराठी घरांतही वडिलांना ‘अरे बाबा’ म्हणणारी मुले आता सर्रास दिसतात, पण बहुतेक ती बोलू लागल्यापासूनच तसे म्हणत आलेली असतात.

म्हणून माझे मत असे की, शब्द आहे तसा राहू द्यावा आणि अंतर खरोखर कुठे आहे ते शोधावे. ‘तुम्ही’ म्हणून वडिलांना मनातले सगळे सांगणाऱ्या मुली असतात आणि ‘तू’ म्हणून काहीही न सांगणाऱ्याही. मला तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. मान वडिलांना आणि जवळीक आईला, अशी वाटणी तुमची मुलगी नकळत शिकली आहे. घरातल्या निर्णयात आईच्या शब्दाला तुमच्याइतकेच वजन आहे का, हे तिला काय दिसत आले असेल, याचा विचार तुम्ही दोघांनी मिळून जरूर करावा.

प्रश्न : माझा हा दुसरा विवाह आहे. पहिल्या विवाहातील मुलगा नऊ वर्षांचा असून तो दर आठवड्याला आपल्या वडिलांना भेटतो. माझ्या पतीला तो ‘काका’ म्हणतो. ‘आता तरी बाबा म्हणायला शिकव’, असे नातेवाईक सांगतात. पती काही बोलत नाहीत, पण त्यांना वाईट वाटते हे मला दिसते.

उत्तर : नातेवाइकांचा सल्ला मानू नका. तुमच्या मुलाच्या लेखी ‘बाबा’ हा शब्द एका माणसासाठी आहे आणि तो माणूस दर आठवड्याला त्याला भेटतो. तोच शब्द दुसऱ्या कुणासाठी वापरायला लावणे म्हणजे एकाला सोडून दुसऱ्याला निवड, असे त्याला सांगण्यासारखे होईल. नऊ वर्षांच्या मुलावर हे ओझे टाकू नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

‘काका’ हा शब्द सगळ्याच परिचितांसाठी वापरला जातो, म्हणून तो तुमच्या पतींना परका वाटत असेल, तर तिघांनी बसून फक्त त्यांच्यासाठीचे एखादे संबोधन शोधता येईल. त्यांच्या नावाचे लाडके रूप असेल, किंवा मुलालाच सुचलेले काहीतरी. मात्र दोन-तीन पर्याय पुढे ठेवून निवड त्याच्यावर सोडावी, आणि ‘काका’च बरे, असे तो म्हणाला तर तेही मान्य करावे. बाहेरच्यांसमोर ओळख कशी करून द्यायची, शाळेत कुणी विचारले तर काय सांगायचे, हे त्याच्याशी आधी बोलून ठेवा, कारण मुले अडखळतात ती बहुधा अशा अनपेक्षित प्रश्नांपाशी.

पतींशीही मोकळेपणाने बोला. अभ्यासाला शेजारी बसणे, आजारपणात जागणे, दिलेला शब्द पाळणे यांतून त्यांचे नाते घडते आहे आणि हाक ‘काका’ असली म्हणून ते कमी होत नाही, हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकायला हवे. पुढे कधीतरी बोलण्याच्या ओघात मुलाच्या तोंडून ‘बाबा’ निघून जाईल आणि तो गोरामोरा होईल. तेव्हा कुणीही त्याचे कौतुक करू नये, कुणाला फोन करून सांगू नये आणि पुढच्या वेळी तीच अपेक्षाही धरू नये. त्याने जे विचारले असेल त्याचे नेहमीसारखे उत्तर द्यावे.